शनिवारची पाळी : आजोबांच्या वाडीच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) भाच्याला घेऊन दफनभूमीत गेले. त्याने विचारले, ‘पणजोबा कुठे आहेत?’ मला जागा दाखवता आली नाही. आजोबा मार्च १९९७ मध्ये गेले. कायमची कबर आम्ही घेतली नव्हती. काही वर्षांनी तोच खड्डा दुसऱ्या कुणासाठी उघडला गेला, मग तिसऱ्यासाठी. आमच्या वसईच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या घरी असेच चालत आले आहे आणि त्याचे कुणाला वाईटही वाटत नाही. पण आज मुलाच्या हातात मेणबत्ती होती आणि ती लावायला दगड नव्हता.

दुपारी चुलतभावाशी बोलले. ठरले ते असे : आजोबा-आजीला वाडीत काम करताना पाहिलेल्या माणसांचे रेकॉर्डिंग करायचे (अशी आठ माणसे आहेत, त्यांतले सर्वांत लहान एकसष्ट वर्षांचे), पत्र्याच्या पेटीतले कागद लावायचे आणि १९६० च्या सुमाराला वाडी कशी होती त्याचा नकाशा काढायचा. मुदत २ नोव्हेंबर, मृतांचा स्मरणदिन. बोलणे कादोडीतच, म्हणजे आमच्या घरच्या बोलीतच, रेकॉर्ड करायचे, नोंदी प्रमाण मराठीत लिहायच्या. आत्या प्रमाण मराठीत बोलायला लागली की पाहुण्यांशी बोलल्यासारखी बोलते, आणि मग आठवणीही पाहुण्यांना सांगायच्याच निघतात.

१० ऑगस्ट, रविवार

पेटी उघडली. सातबाराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, दादर मार्केटमधल्या दलालाच्या हिशेबपट्ट्या, ‘सुवार्ता’ मासिकाचे अंक (बहुतेक फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक असतानाचे, म्हणजे १९८३ नंतरचे), क्रूस तुटलेली जपमाळ, विळ्याची मूठ. आणि तळाशी एक छोटी वही, १९६६ ते १९७१ ची.

वहीत दर पानावर आठवड्याचे वार लिहून विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या मांडल्या आहेत. विहीर तीन भावांत सामाईक होती. सोमवार-मंगळवार थोरल्यांचे, बुधवार-गुरुवार धाकट्यांचे, शुक्रवार-शनिवार आमचे. रविवारी पाणी काढायचे नाही. शुक्रवारपुढे आजोबांनी ‘मी’ लिहिले आहे. शनिवारपुढे काही न लिहिता फक्त क्रूस काढला आहे, आणि सहा वर्षांत एकाही पानावर त्यात बदल नाही.

शनिवार हा पवित्र मरियेचा वार. मी लिहून ठेवले : ‘आजोबा शनिवारी पाणी सोडत नसत, तो दिवस प्रार्थनेसाठी राखत असावेत.’

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदन, मग मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, मग आत्याकडे. वय ८१. रेकॉर्डिंग क्र. १, एक तास दहा मिनिटे.

१९६४ मध्ये इंजिन आले, तोवर विहिरीवर रहाट होता. आत्या लहानपणी बैलामागे चालायची. बैल गोल फिरणार, दोराला बांधलेली गाडगी एकामागून एक खाली जाऊन भरून वर येणार, पन्हळीत रिती होऊन पुन्हा खाली जाणार. पन्हळीतून पाणी पाटात, पाटातून वाफ्यात. वाफा भरला की आजोबा फावड्याने बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडत. घड्याळ नव्हते. आत्या सांगते, जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, म्हणून झाले की एक वाफा भरायचा. जपमाळेत पाच दशके, म्हणजे पाच वाफे झाले की एक माळ पुरी. उन्हाळ्यात विहिरीचा तळ खाली गेला की गाडगी अर्धीच भरून येत, मग एका वाफ्याला दोन दशके लागत. ‘बाबांचा आवाज लांबवर ऐकू आला की आई ओळखायची, पाणी कुठवर आलंय ते.’

मला वाटत होते, भाविक माणूस म्हणजे काम थांबवून प्रार्थना करणारा. आजोबांनी काम थांबवल्याचे आत्याला आठवत नाही. फक्त संध्याकाळची घंटा वाजली की लाल टोपी काढून उभे राहत, बैलही सवयीने थांबत आणि प्रार्थना संपली की आपणहून चालू लागत.

लॅटिनचेही तिने सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषेत मिस्सा करण्याची वाट मोकळी केली, तोवर वेदीवरचे सारे लॅटिनमध्ये. आजोबा तिसरी शिकलेले. पण फादरांनी ‘दोमिनुस वोबिस्कुम’ (प्रभू तुमच्याबरोबर असो) म्हटले की ‘एत कुम स्पिरितू तुओ’ (आणि तुमच्या आत्म्याबरोबर) हे उत्तर बिनचूक देत. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर आजी रडली म्हणे. आत्याने कारण विचारले तर म्हणाली, ‘इतकी वर्षं फादर काय म्हणत होते ते आज कळलं.’ आजोबांनी मात्र शेवटपर्यंत संतांच्या विनवणीला ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) हेच उत्तर दिले.

२४ ऑगस्ट, रविवार

फादरांच्या परवानगीने जुने बाप्तिस्मा रजिस्टर पाहिले. आजोबांची नोंद १९१२ ची, आजीची १९१८ ची. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘कल्टिव्हेटर’, म्हणजे शेतकरी. पुढच्या ओळीतही तेच, त्याच्या पुढच्याही. पानेच्या पाने उलटली, मध्येच एखादा सुतार, एखादा शिक्षक, बाकी सगळे कल्टिव्हेटर. हे वाचताना मला जे वाटले ते सांगायला एवढेच म्हणता येईल की मी पान मिटू शकत नव्हते. सबंध गावच एका शब्दात बसले होते.

आईसाठी फक्त नावाचा रकाना. तिच्या व्यवसायाला रकानाच नाही. हे पुस्तिकेत लिहायचे.

३१ ऑगस्ट, रविवार

दिवसभर पाऊस. पत्र्यावरच्या आवाजात रेकॉर्डिंग क्र. २ वाया गेले. पुन्हा करायचे.

८ सप्टेंबर, सोमवार

पवित्र मरियेचा जन्मोत्सव. संध्याकाळी घरातल्या वेदीवरच्या तसबिरी खाली उतरवून पुसल्या आणि त्यांचे फोटो काढले.

मधोमध येशूचे पवित्र हृदय. डावीकडे संत गोन्सालो गार्सिया, वसईचे सुपुत्र. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला ते क्रूसावर मरण पावले, १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केले. आमच्याकडे त्यांचे नाव घरच्या माणसाचे घ्यावे तसे घेतात. उजवीकडे कागदाला बुरशी आलेली एक तसबीर, लहानपणी मला कधी कळली नव्हती : गुडघे टेकून प्रार्थना करणारा शेतकरी, आणि मागे त्याचा नांगर धरलेला देवदूत. हे संत इसिदोर, माद्रिदचे शेतमजूर, शेतकऱ्यांचे आश्रयदाते. १६२२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर एकाच दिवशी त्यांना संत घोषित केले गेले. १५ मे रोजी त्यांचा सण येतो. आजोबा त्या दिवशी बैलांना गूळ घालत, असे आई सांगते. आईने हेही सांगितले की आजोबांना हे चित्र पूर्ण पटत नसे. देवदूत नांगर धरतो हे ठीक, पण तो माणूस बैलांकडे पाठ करून बसलाय, असे म्हणत.

संत इसिदोरांची पत्नी मारिया. तिलाही चर्चने १६९७ मध्ये धन्य म्हणून मान्यता दिली. तिचे चित्र मात्र आमच्या घरात नाही, आणि शेजारच्या चार घरांत विचारले तर तिथेही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

नकाशा क्र. १. चुलतभावाने पावलांनी माप घेतले, मी वहीत रेघा मारल्या. आता जिथे चार मजली इमारतीचे पार्किंग आहे तिथे बावखल होते. बाहेरच्या वाचकाला शब्द नवा वाटेल : वाडीत भर घालायला माती काढायची, त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठायचे, ते बावखल. पाणी हळूहळू जमिनीत मुरायचे आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यात गोडे पाणी राहायचे. आमचा किनारपट्टीचा भाग, खाली समुद्राचे पाणी टपलेले. वरून गोड्या पाण्याचा दाब असला तरच ते लांब राहते. बावखले बुजली आणि विहिरींतून बेसुमार उपसा झाला, तेव्हा खारे पाणी आत सरकले. पाणी मचूळ झाले की सगळ्यांत आधी केळीच्या पानांची कड करपते.

केळी कुठे कोणती होती, हे थोरल्या काकांच्या सुनेने सासूकडून ऐकलेले सांगितले. विहिरीजवळ राजेळी, पाटाच्या पलीकडे बसराई, कुंपणाला भाजीसाठी भुरकेळ. राजेळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात घालायची, रात्री आत घ्यायची, पुन्हा बाहेर काढायची, आणि सुकल्यावर केळीच्याच सोपटात बांधायची. ती सुकेळी. बांधणी आजीची. वाडीच्या खालच्या अंगाला नकाशावर दोन ओळी रिकाम्या राहिल्या. तिथे पानवेल होती असे सगळे म्हणतात. ती कधी आणि का काढली हे कुणी सांगत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

थोरले काका, वय ८४, माझ्या वडिलांचे सख्खे मोठे भाऊ. रेकॉर्डिंग क्र. ५. हे रेकॉर्डिंग करायला मी घाबरत होते, कारण घरात एक गोष्ट बोलायची नाही असे अडतीस वर्षे ठरलेले होते. काकांनी ती स्वतःच काढली.

१९८७ चा उन्हाळा. नव्या इमारतींना टँकरचे पाणी लागायचे आणि टँकर आमच्याच वाड्यांतल्या विहिरींवर भरले जायचे. काकांनी रात्रीचे पाणी विकले. ‘मुलीचं लग्न होतं, पोरी. केळ्याला भाव नव्हता. टँकरवाला रोख द्यायचा.’ आजोबा तेव्हा पंचाहत्तरीचे. ते काकांना एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवण झाले की घोंगडी घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे, जपमाळ हातात. पहिल्या रात्री टँकर भरून गेला. दुसऱ्या रात्रीही गेला. काका सांगतात, ‘सातव्या-आठव्या दिवशी टँकरवालाच मला म्हणाला, तुझा म्हातारा बसला असला की पाइप आत टाकवत नाही. मी दुसरी विहीर बघतो.’ पुढे वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली, तेव्हा काका मोर्चांना गेले. बापाला हे कधी सांगितले नाही.

मी विचारले, हे पुस्तिकेत घेऊ का? काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बाबा माझ्यावर रागावले नव्हते, हे लिहिणार असशील तर घे.’

घेणार आहे. स्मरण करायचे तर त्यांचे ते बसणे आणि काकांची ती गरज दोन्ही लिहायला हवे. एक गाळले तर दुसरे खोटे पडेल.

२८ सप्टेंबर, रविवार

आळीच्या टोकाला, रस्त्यावरच्या क्रूसाला लागून असलेल्या घरी गेले. तिथले काका रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७३. आमच्या नात्यातले नाहीत, पण आठ जणांच्या यादीत आत्याने त्यांचे नाव आग्रहाने घातले होते. कारण आज कळले.

त्यांचे वडील १९६५ मध्ये गेले. आई, चार मुले, पाऊण एकर वाडी आणि पाणी नाही. आमच्या विहिरीतला त्यांचा हिस्सा त्यांच्या आजोबांनी कधीच विकून टाकला होता. ‘तुमच्या आजोबांनी आम्हाला शनिवार दिला,’ ते म्हणाले. मला आधी कळलेच नाही. मी म्हटले, शनिवारी काय दिले? ते म्हणाले, ‘शनिवार दिला. पाळी. डिझेलसकट. १९७४ मध्ये मला रेल्वेत नोकरी लागेपर्यंत.’

वही माझ्या पिशवीतच होती. ती उघडून शनिवारपुढचा क्रूस त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि दाराबाहेर, रस्त्यावरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ‘आम्हाला सगळे क्रूसाजवळचे म्हणायचे. अजून म्हणतात.’

१० ऑगस्टची माझी नोंद चुकीची आहे. खोडत नाही, तिच्यापुढे आजची तारीख घातली. ते प्रार्थनेचे चिन्ह नव्हते, घराचा पत्ता होता.

५ ऑक्टोबर, रविवार

आगेरा. ऑक्टोबरचा पहिला रविवार. फादरांनी शेतात जाऊन नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला, मिरवणुकीने त्या चर्चमध्ये आणल्या, मिस्सेनंतर घरोघरी वाटल्या. शेत आता थोडे उरले आहे. लोंब्या ज्या वावरातून कापल्या त्याच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत. तरी विळा लागला तेव्हा बायकांनी गाणे धरले आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या आत्याने पायातल्या चपला काढल्या. पुढच्या काही मिनिटांत इमारती मला दिसल्या नाहीत.

आमच्या वाट्याची लोंबी वेदीवर संत इसिदोरांच्या तसबिरीला लावली. नव्या तांदळाची खीर केली. क्रूसाजवळच्या घरी एक वाटी पाठवली. त्यांच्याकडून एक वाटी आली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आत्याकडे पुन्हा. रेकॉर्डिंग क्र. ९. शनिवारचे विचारले. आत्या म्हणाली, ‘बाबांनी दिली असं सगळे म्हणतात. म्हणू दे. दिली आईने.’

तिने सांगितले ते असे. क्रूसाजवळच्या घरी मयताला जाऊन आल्यावर आजी त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली भरताना म्हणाली, शनिवार त्यांना द्यायचा. आजोबांनी हिशेब सांगितला : एका दिवसाच्या पाण्यात आपली सगळी वाडी भिजणार नाही. आजी म्हणाली, मग खालचं काढून टाका. खालचे म्हणजे पानवेल. पानवेलीला सारखा ओलावा लागतो, आणि घरात रोख पैसा तिच्याच पानांचा यायचा. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खालच्या दोन ओळी त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटल्या. डिझेलच्या पैशांसाठी आजीने दादरला न्यायच्या टोपलीवर भाजीची आणखी एक पाटी घेतली. वसई रोडवरून पहाटेची गाडी, डोक्यावर दोन ओझी, लाल लुगड्याचा काष्टा ओलाच असायचा, कारण रात्री धुतलेले वाळायला वेळ नसे. नऊ वर्षे.

नकाशावरच्या त्या दोन रिकाम्या ओळी आता भरता येतील.

चर्चच्या सभागृहात, मयताच्या भाषणांत, नातेवाइकांच्या बोलण्यात आजोबा ‘भाविक शेतकरी’ म्हणून आले आणि आजी ‘त्यांची पत्नी’ म्हणून. आजोबा भाविक होतेच. पण त्यांच्या भाविकपणाची जी गोष्ट आळीत साठ वर्षे सांगितली जाते, ती आजीच्या तोंडून सुरू झाली होती आणि तिच्या डोक्यावरून वाहिली गेली होती. आत्याला मी विचारले, आजीने कधी कुणाला सांगितले का? ती म्हणाली, ‘तिला वाटायचं, सगळ्यांना माहीतच आहे.’

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोघांची नावे येतील, एकाच मापाच्या अक्षरांत. आजीच्या नावाखाली व्यवसाय : शेतकरी.

१९ ऑक्टोबर, रविवार

चुलतभावाचा आक्षेप : पानवेलीचे सांगितले तर क्रूसाजवळच्यांना ओशाळल्यासारखे होईल. बरोबर आहे. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मजकूर वाचून दाखवला. काकांनी शेवटपर्यंत ऐकले, मग उठून आत गेले. त्यांच्या पत्नीने सांगितले की पानवेलीचे त्यांना ठाऊक नव्हते. दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, राहू दे तसेच.

२६ ऑक्टोबर, रविवार

छपाई झाली. २४ पाने, ४० प्रती. रेकॉर्डिंग एकूण ११, साडेनऊ तास, सात घरांना पेनड्राइव्हवर आणि एक प्रत धर्मग्रामाच्या (आमच्या चर्चच्या) ग्रंथालयात. क्र. २ दुसऱ्यांदा केले, चांगले झाले. कादोडीतले बोलणे जसेच्या तसे ठेवले आहे. भाच्याला अर्धे कळत नाही, पण आत्याच्या आवाजातले दशक तो पाठ म्हणू लागला आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा स्मरणदिन. फादरांनी कबरींवर पवित्र जल शिंपडले. आमची मेणबत्ती भाच्याने दफनभूमीच्या मधल्या मोठ्या क्रूसापाशी लावली, तिथे ज्यांची जागा उरली नाही त्या सगळ्यांच्या लागतात. क्रूसाजवळचे काका आधीच येऊन उभे होते. त्यांनी दोन मेणबत्त्या आणल्या होत्या.

दुपारी पुस्तिका वाटल्या. संध्याकाळी थोरले काका काठी टेकत आमच्या ओट्यावर आले, पुस्तिका उघडी, बोट नकाशावर ठेवलेले. ‘पाट दक्षिणेनं दाखवलास. तिकडे चढ आहे, पाणी जाईल कसं?’ पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःच रेघ मारली : विहिरीच्या उत्तरेने, राजेळीच्या कडेने, पानवेलीच्या दोन ओळींपर्यंत, आणि तिथून वळून क्रूसाजवळच्या कुंपणाखालून पलीकडे. कुंपणाखाली मातीची नळी घातली होती, असेही म्हणाले.

नकाशा क्र. १ रद्द. नकाशा क्र. २ काकांच्या रेघेप्रमाणे काढायचा. नळी अजून तिथे आहे का, ते पुढच्या रविवारी खणून पाहायचे.